संरक्षण या शब्दाचा सातबारा

(नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून दिलं आहे. तारखा आणि आकडे मागून तपासून घेतले.)



पत्रकावर माझ्या नावापुढं तुम्ही ‘कवी’ छापलंय. कविता मी रात्री लिहितो. दिवसा मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. शिक्षण दहावी. कॉलेजात अर्थशास्त्र शिकलो नाही, कारण कॉलेजची पायरीच चढलो नाही. तरी आज मी अर्थशास्त्रावर बोलणार आहे. कुणाला हसू आलं तर हसा. ज्याच्या हाताखालून देशाचा व्यापार जातो त्यानं व्यापारावर बोलायचं नाही, तर मग बोलायचं कोणी? वातानुकूलित खोलीत बसलेल्यानं?

सध्या प्रत्येक पुढाऱ्याच्या तोंडात एक शब्द आहे. संरक्षण. देशी उद्योगाचं संरक्षण. शेतकऱ्याचं संरक्षण. ग्राहकाचं संरक्षण. त्याच्या मागून त्याची भावंडं येतात: स्वदेशी, आत्मनिर्भर, राष्ट्रहित. शब्द इतका गोड की ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याच अंगावर कुणी पांघरूण घालतंय. मी सांगतो, पांघरूण नक्की घातलं जातं. फक्त कोणाच्या अंगावर, ते अंधारात दिसत नाही.

आपल्याकडं जमिनीचा सातबारा असतो. त्यात मालकाचं नाव असतं, जमीन हातोहात कशी आली त्याच्या फेरफाराचे नंबर असतात, आणि ‘इतर हक्क’ मध्ये बोजा असतो, म्हणजे कर्ज. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात सातबारा नाही, कारण जमीनच नाही. पण तलाठ्याच्या दारात उभं राहून राहून तो वाचायला आपण शिकलो आहोत. आज तोच सातबारा मला शब्दाचा काढायचाय. पुढारी ‘संरक्षण’ म्हणाला की तीन गोष्टी विचारायच्या. मालक कोण, म्हणजे हे मागितलं कोणी? फेरफार केव्हा झाला, म्हणजे तारीख कोणती? आणि बोजा कोणाच्या नावावर चढला?

आधी माझ्या गोदीपासून सुरू करतो.

जहाजातून पोलादाच्या गुंडाळ्या उतरतात. आम्ही कॉइल म्हणतो. एकेक कॉइल कित्येक टनांची. क्रेननं उचलायची, खाली लाकडी पाचर ठोकायची, म्हणजे गडगडत नाही. पाचर ठोकायला माणूस लागतो. तो माणूस आमच्या टोळीतला. गेल्या पावसाळ्यात एका पोट्ट्याची दोन बोटं कॉइल आणि पाचरीमध्ये सापडली. ठेकेदाराच्या वहीत त्याचं नावच नव्हतं. ज्याचं नाव नाही त्याची बोटंही नाहीत. भरपाई कशाची मागायची? टोळीनं वर्गणी काढली आणि त्याला गावी पाठवलं.

तर या कॉइलचं नि आपल्या गावाचं नातं सांगतो. मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही. आणि मँगनीज म्हणजे आपली ही माती. डोंगरी बुजुर्ग, चिखला, सीतासावंगी. तुमसरहून गोबरवाहीवरून तिरोडीकडं जाणारी रेल्वे कोणाच्या सासर-माहेरासाठी टाकली नव्हती, या काळ्या दगडासाठी टाकली. इंग्रजांच्या काळात इथली खनिजं काढणारी कंपनी इंग्रजांची. दगड इथून बंदरावर जायचा, बोटीत बसायचा, आणि पोलाद व्हायचा दुसऱ्यांच्या भट्टीत. तेव्हा त्या लुटीचं नाव होतं ‘मुक्त व्यापार’. पुढं १९६२ साली सरकारी भागीदारीची कंपनी झाली, १९७७ मध्ये विदेशी कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारनं घेतला. खाण देशाची झाली. चांगलं झालं, मी वाईट म्हणत नाही. पण टोपली उचलणारी जात बदलली का? हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

आता फेरफार बघा. २१ एप्रिल २०२५. बाहेरून येणाऱ्या पत्र्याच्या पोलादावर केंद्र सरकारनं दोनशे दिवसांसाठी १२ टक्के जकात लावली. स्वस्त परदेशी पोलादाचा पूर येतोय, देशी उद्योग बुडेल, त्याला संरक्षण पाहिजे, ही भाषा. ३० डिसेंबर २०२५ ला तीच जकात तीन वर्षांसाठी ठरवली: पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी साडेअकरा, तिसऱ्या वर्षी ११ टक्के.

परदेशी पोलादाचा पूर खोटा होता असं मी म्हणत नाही. कॉइली मीच उतरवत होतो. पण मालकाच्या रकान्यात बघा. अर्ज कोणाचा होता? पोलादवाल्यांच्या संघटनेचा, देशातल्या सर्वांत मोठ्या कारखानदारांच्या वतीनं. ठीक आहे, त्यांनी त्यांचं मागितलं. आता बोजा बघा. बाहेरचा माल शंभराचा एकशे बाराला पडायला लागला की आतल्या मालकाला शंभरावर थांबायची गरज काय? तोही एकशे दहा म्हणतो. मग पत्रा महाग होतो. कपाट करणारा, नट-बोल्ट पाडणारा, ट्रकचा सांगाडा ठोकणारा लहान कारखाना, ज्यात आपली पोरं आठ-दहा हजारांवर राबतात, तो म्हणतो, पत्रा महाग झाला, या महिन्यात ओव्हरटाइम नाही. म्हणजे मोठ्याला पांघरूण मिळालं ते लहानाच्या अंगावरून ओढून. आणि मोठ्या कारखान्यातल्या कंत्राटी मजुराला या संरक्षणातून काय मिळालं? एक अट तरी सरकारनं घातली का, की बाबांनो, आम्ही तुमच्यासाठी जकातीची भिंत बांधतो, तुम्ही भिंतीच्या आतल्या मजुराचा पगार इतका करा, त्याचं नाव वहीत घाला? नाही. भिंत फुकट बांधून दिली.

तुम्ही म्हणाल, हा गोदीवाला आहे, आयात कमी झाली तर याच्या पाळ्या जातात, म्हणून ओरडतोय. बरोबर आहे! माझाही स्वार्थ आहे आणि तो मी तुमच्यासमोर उघडा मांडतो. पुढाऱ्यात नि माझ्यात फरक एवढाच की मी माझ्या पाळीला ‘राष्ट्रहित’ म्हणत नाही.

हे आजचं झालं. पण हा खेळ आजचा नाही. मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट सांगतो. ती ऐकली की पुढचं सगळं आपोआप कळतं.

१८९६ साली इंग्रज सरकारनं परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि देशी गिरणीच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. कारण? व्यापार मुक्त पाहिजे, स्पर्धा समान पाहिजे. ऐकायला किती न्यायाचं! सातबारा काढला तर मालक निघतो लँकेशायरचा गिरणीवाला. तिथल्या मालकाला इथली बाजारपेठ पाहिजे होती आणि त्याच्या मतावर तिथलं सरकार होतं. म्हणजे ‘मुक्त व्यापार’ हाही कोणाचा तरी पाळलेला शब्द आहे, हे लक्षात ठेवा. कुणी संरक्षणाला शिव्या देत मुक्त व्यापाराची आरती म्हणायला लागला तर त्याचीही कागदपत्रं तपासा.

देशी गिरणीमालक या कराविरुद्ध तीस वर्षं ओरडले. ओरड खरी होती. पण ती संपली कशी बघा. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांच्या पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. म्हणाले, कर काढा, आम्ही कपात मागं घेतो. सप्टेंबरमध्ये संप झाला. दीड लाखाच्या आसपास माणूस रस्त्यावर. चुली बंद. डिसेंबरमध्ये सरकारनं कर थांबवला, मग कपात मागं घेतली. कामगाराला काय मिळालं? जे त्याचं होतंच तेवढं. मालकाला काय मिळालं? तीस वर्षांत जे मिळालं नव्हतं ते. सरकारचा हात पिरगाळायला मालकानं स्वतःचा हात वापरला नाही, कामगाराचं पोट वापरलं.

पुढं चला. गिरण्यांना संरक्षण द्यायचं का याची चौकशी बसली. मालकांनी ‘कार्यक्षमता’ काढली. म्हणजे एका माणसानं जास्त माग नि जास्त चात्या सांभाळायच्या, बाकीच्यांनी घरी जायचं. त्याविरुद्ध १९२८ चा मोठा संप, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. १९३० साली कायदा झाला: इंग्लंडच्या कापडावर १५ टक्के, इतर देशांच्या कापडावर २० टक्के जकात. कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ होतं. स्वदेशीचा विजय म्हणून गाजला. आणि १९३३-३४ मध्ये याच संरक्षित गिरण्यांनी पगार कापले. १९३४ साली पुन्हा सार्वत्रिक संप. कापडाला संरक्षण, कापड विणणाऱ्याला कपात. मधल्या काळात, १९३३ मध्ये, मुंबईच्या मालकांचे पुढारी होमी मोदी यांनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाशी करारही करून टाकला. ज्याच्याविरुद्ध तीस वर्षं राष्ट्राच्या नावानं बोंब मारली त्याच्याशी टेबलावर बसून वाटणी! रस्त्यावर परदेशी कापडाच्या होळीत स्वतःचा सदरा टाकणारा पोरगा मात्र उघडाच राहिला.

आता या गोष्टीतली आपली गोष्ट. नीट ऐका, कारण ही इतर वक्ते सांगत नाहीत.

याच ‘राष्ट्रीय’ गिरण्यांत एक खातं होतं विणकामाचं. सर्वांत चांगला पगार त्या खात्यात. धागा तुटला किंवा कांडी बदलली की धागा तोंडानं ओढायला लागायचा, त्याला थुंकी लागायची. म्हणून त्या खात्यात अस्पृश्याला बंदी. आपल्या माणसाची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. आपण सूतखात्यात, कमी पगारावर. लँकेशायरच्या कापडाविरुद्ध भिंत पाहिजे होती, आणि त्या भिंतीच्या आत आपल्याविरुद्ध दुसरी भिंत आधीच उभी होती. दोन्ही भिंती एकाच छपराखाली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. विणकाम खात्याचं दार उघडणार का, ते आधी सांगा. लाल बावटेवाल्यांनाही त्यावर चटकन उत्तर सुचलं नाही.

आणि यातला विनोद, म्हणजे हसायचा नव्हे, रडायचा विनोद, हा की आपल्या या नागपूर-भंडारा भागात महार पिढ्यान् पिढ्या विणकर होता. जाडंभरडं कापड विणायचा. गावातला कुणबी, तेली तेच अंगावर घालायचा. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचं कापड आलं, स्वस्त आलं, आणि महाराचा माग घराच्या आढ्याला टांगला गेला. आमच्या घरी आज्याच्या आज्याचा माग होता म्हणतात. आता त्याचं एक लाकूडही शिल्लक नाही. त्या मागाला कोणी संरक्षण दिलं? एका तरी पुढाऱ्यानं म्हटलं का, हा देशी उद्योग बुडतोय? विलायती गिरणीनं मारलं तर ती गुलामी. देशी गिरणीनं मारलं तर ती प्रगती. ज्या हातांनी विणलेलं लुगडं गावानं नेसलं, तेच हात गिरणीच्या विणकाम खात्यात विटाळ झाले. ‘स्वदेशी’ मधला ‘स्व’ कोण, हे तेव्हाच ठरलं होतं. त्यात आपण नव्हतो.

बाबासाहेबांनी हे नुसतं भाषणात सांगितलं नाही, अभ्यासानं सांगितलं. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. त्या काळात मोठमोठे लोक म्हणायचे, रुपयाचा भाव उतरला तर देशाचं कल्याण, कारण निर्यात वाढते. बाबासाहेबांनी सातबारा काढला. रुपया उतरला की वस्तूंचे भाव आधी चढतात आणि मजुरी मागून लंगडत येते. मधलं जे अंतर, तोच निर्यात करणाऱ्याचा नफा. म्हणजे हा नफा बाहेरून येत नाही, मजुराच्या खिशातून येतो. देशाचं कल्याण म्हणजे एका वर्गाचं कल्याण, दुसऱ्याच्या खर्चानं. पुढं हिल्टन यंग कमिशनपुढं त्यांनी साक्ष दिली. मालकवर्ग सोळा पेन्सचा रुपया मागत होता, राष्ट्राच्या नावानं. १९२७ साली अठरा पेन्सचा कायदा झाला. त्या भांडणात स्वस्त रुपयामागं व्यापाऱ्याचा फायदा आहे हे स्पष्ट बोलणारा माणूस आपला होता. आपण त्यांचा फोटो लावतो, हार घालतो. त्यांची ही हिशेबाची वही उघडतो का?

आता आपल्या विदर्भात या. कापूस.

१ फेब्रुवारी २०२१. अर्थसंकल्प. परदेशी कापसावर जकात लावली, सगळं धरून ११ टक्के. कारण सांगितलं, शेतकऱ्याच्या फायद्यासाठी. टाळ्या. पुढचा फेरफार १४ एप्रिल २०२२, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी: जकात माफ. कापूस महागला होता, सूतगिरण्या नि कपडेवाले ओरडत होते. मग जकात परत आली. मग आलं २०२५. अमेरिकेनं आपल्या मालावर जकात वाढवत ५० टक्क्यांपर्यंत नेली. ७ ऑगस्टला पंतप्रधान म्हणाले की शेतकऱ्याच्या हिताशी तडजोड होणार नाही, मग त्याची कितीही किंमत पडो. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून म्हणाले की शेतकऱ्याच्या हिताआड येणाऱ्या धोरणापुढं आपण भिंत बनून उभे आहोत. १८ ऑगस्टला आदेश निघाला: उद्यापासून परदेशी कापसावरची ११ टक्के जकात माफ, ३० सप्टेंबरपर्यंत. दहा दिवसांनी मुदत वाढवली, ३१ डिसेंबरपर्यंत.

भिंत तीन दिवस टिकली! आमच्या गोदीतली पाचरसुद्धा याहून जास्त दिवस टिकते.

तारखा पुन्हा बघा. सप्टेंबर ते डिसेंबर म्हणजे आपल्या यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याचा कापूस घरात यायचा काळ. हमीभाव जाहीर केला मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल, लांब धाग्याला ८,११०. आणि नेमकं त्याच महिन्यांत दार उघडं. गिरण्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती. अमेरिकेचा मार त्यांना बसला होता, तिरुपूरच्या शिलाई कामगाराच्या पोटावर बसला होता. मग तसं सांगा ना! सांगा की आम्ही गिरणीवाल्याला वाचवायला शेतकऱ्याचा भाव पाडतोय, आणि शेतकऱ्याला त्याबद्दल एवढी भरपाई देतोय. ते सांगत नाहीत. गिरणीवाल्याला आदेश देतात आणि शेतकऱ्याला भाषण देतात. आदेश छापून येतो, भाषण हवेत जातं.

आता धान. हे तर आपल्या ताटातलं. २० जुलै २०२३ ला बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. कारण, ग्राहकाचं संरक्षण, भाव आटोक्यात. २८ सप्टेंबर २०२४ ला बंदी उठवली. कांद्याचं तसंच: ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची सूट. नाशिककडं आग पेटली. मग ४ मे २०२४ ला बंदी उठली, आणि नाशिक-दिंडोरीचं मतदान होतं २० मे ला. ज्याला फेरफार वाचता येतो त्याला वेगळं काही समजावून सांगायला नको.

पण तांदळाच्या बाबतीत मी तुम्हाला एक अवघड गोष्ट विचारतो. आपण कोणत्या बाजूला? भंडारा धानाचा जिल्हा. बंदी आली की धानाचा भाव दबतो, शेतकरी नेता म्हणतो, अन्याय. पण आपल्या वस्तीतल्या किती घरांकडं विकायला धान आहे? माझी माय आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करत आली. तिला तांदूळ स्वस्त पाहिजे, कारण ती विकत घेते. आणि धानाला भाव मिळाला नाही की मालक पहिली कात्री तिच्याच मजुरीला लावतो. भाव चढला तर मजुरी चढत नाही, भाव पडला तर मजुरी पडते. बंदी आली तरी ती चिखलात, बंदी उठली तरी ती चिखलात. एकजण म्हणतो ग्राहकाला वाचवा, दुसरा म्हणतो शेतकऱ्याला वाचवा. कमरेत वाकून रोवणा करणारी बाई दोघांच्याही भाषणात नाही. तिचं नाव कोणत्याच सातबारावर नाही. जमिनीच्याही नाही, शब्दाच्याही नाही.

आणि हे काही दिल्लीचंच दुखणं नाही. अमेरिकेत ट्रम्पनं २ एप्रिल २०२५ ला जगभरच्या मालावर जकाती जाहीर केल्या आणि त्या दिवसाला नाव दिलं ‘मुक्तिदिन’. तो म्हणतो, परदेशी लोक आम्हाला पैसा देतील. गोदीतल्या कोणत्याही मुकादमाला विचारा. जकात माल पाठवणारा भरत नाही, माल सोडवून घेणारा भरतो. म्हणजे भरतो तिथलाच आयातदार, आणि मग जमेल तितकं तिथल्याच गिऱ्हाइकाकडून वसूल करतो, नाहीतर इथल्या मालकाला म्हणतो, भाव पाड. इथला मालक कोणाचं पाडणार? तिकडं बोजा दुकानातल्या कामगारावर, इकडं सुरतेत हिरे घासणाऱ्यावर. वर दोन पुढारी एकमेकांना डोळे वटारतात आणि खाली दोन मजूर एकाच जकातीखाली दबतात. ते एकमेकांना ओळखतही नाहीत.

आता २०२५ या एका वर्षाचा सातबारा वाचून दाखवतो. एप्रिलमध्ये पोलादवाल्याला संरक्षण. ऑगस्टमध्ये गिरणीवाल्याला माफी. आणि मजुराला? २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. कंत्राटी मजुरांचा जुना कायदा वीस मजुरांच्या वर लागू व्हायचा, आता पन्नास. कारखाना बंद करायला किंवा कामगार कमी करायला शंभर कामगारांच्या वर सरकारची परवानगी लागायची, आता तीनशे. कारण काय सांगतात? जगाशी स्पर्धा करायची आहे. वा रे न्याय! मालकाला जगाच्या स्पर्धेपासून संरक्षण आणि मजुराला जगाच्या स्पर्धेत ढकला. पत्र्याभोवती भिंत, माणसाभोवतीची भिंत पाडा.

मजुराला संरक्षण देता येत नाही असं नाही. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचा कायदा झाला. त्याआधी रोज सकाळी गेटवर बाजार भरायचा, मुकादम बोट दाखवील तो कामावर, बाकीचे परत. त्या कायद्यानं नोंदवही आणली. नाव लिहा, पाळीपाळीनं काम द्या, काम नसलं तरी हजेरीचे काही पैसे द्या. हेही संरक्षणच होतं, आणि त्यानं देश बुडाला नाही, बंदरं चालली. आज माझ्यासारखा ठेक्यावरचा पोट्टा त्या वहीत नाही. पुन्हा बोट दाखवणं आलं. आता बोट मोबाइलवर दाखवतात, एवढाच विकास.

म्हणून मित्रांनो, मला दोन्ही फसव्या वाटा नकोत. एक म्हणतो, परदेशी माल जाळा. जाळायला माझ्याकडं फाजील सदरा नाही. दुसरा म्हणतो, सगळी दारं उघडा, बाजार सगळ्यांना न्याय देईल. बाजारानं माझ्या आज्याच्या मागाला दिला तोच न्याय. मला जकातीशी वैर नाही. भिंत लागत असेल तर बांधा. पण भिंत माझ्या मायच्या पैशानं बांधता, महाग पत्र्यातून, महाग कपड्यातून, तर तिची अट भिंतीत चिणा. जकातीच्या ज्या आदेशात मालकाचं संरक्षण आहे त्याच आदेशात मजुरीचा आकडा पाहिजे. कंत्राटी मजुराचं नाव वहीत पाहिजे. आणि जो कारखाना जनतेच्या पैशानं वाचवला त्या कारखान्याच्या नोकरीत आमचा राखीव वाटा पाहिजे. विणकाम खात्याचं दार अजून पूर्ण उघडलेलं नाही. त्याला आता इंग्रजी नाव आहे, ते काचेचं आहे, आत थंड हवा आहे. पण दार तेच.

१९५४ साली बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि या मातीनं त्यांना पाडलं. आपल्या बाजूनं कायद्यातल्या शब्दांचा अर्थ लावू शकणारा सर्वांत मोठा माणूस समोर उभा होता, आणि भंडारा दुसऱ्यांच्या शब्दांना भुललं. ती चूक आपल्या जिल्ह्याच्या सातबारावर आहे. बोजा अजून उतरलेला नाही.

जाता जाता एक काम सांगतो. वीस रुपयांची एक वही घ्या. तीन रकाने पाडा. पुढारी ‘संरक्षण’, ‘स्वदेशी’, ‘राष्ट्रहित’ म्हणाला की पहिल्या रकान्यात लिहा, मागितलं कोणी. दुसऱ्यात लिहा, तारीख, आणि शेजारी निवडणूक किंवा पीक घरात यायची तारीख. तिसऱ्यात लिहा, भरलं कोणी. महिन्यातून एकदा वस्तीत बसा आणि वाचून दाखवा. म्हाताऱ्यांना वाचून दाखवा, रोवण्यावर जाणाऱ्या बायकांना वाचून दाखवा. पुढच्या सभेत पुढारी आला की ती वही घेऊन पहिल्या रांगेत बसा. दगड मारायची गरज नाही. उभं राहून एकच शब्द विचारा. कोणाचं?

त्या टोळीतल्या पोट्ट्याचा परवा फोन आला होता. उरलेल्या तीन बोटांनी पाचर धरता येते का, विचारत होता. मी म्हटलं, पाचर राहू दे, पेन धरता येते का बघ. या वहीत पहिलं नाव त्याचं लिहा.

जय भीम.